मांडलिकाच्या नावाने

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जीभ उचलते आहे. हाही भेकडपणाच, नाही का?

सुरुवात एका खेळापासून करावी लागेल, आणि तिथेच मी नेहमी अडतो. कॉम्प्युटरवरचा खेळ म्हटलं की माणसं हसतात. मनातल्या मनात मीही कितीदा तसंच म्हणून बघितलं — अरे, खेळ होता तो. पण म्हणून भागलं नाही.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. रत्नागिरीत माझी दातांची लॅब आहे. दवाखान्यांतून मापं येतात, मी कवळ्या करून देतो. काम बारीक, एकट्याचं. रविवारी लॅब बंद, आणि रविवार आमच्या खेळाचा. दुपारची जेवणं झाली की तीन ते सहा, चौघं जण, आपापल्या घरात, कानाला हेडफोन लावून. समोर एक मोठा नकाशा. प्रत्येकाने एक राज्य घ्यायचं आणि तीन-चारशे वर्षं चालवायचं. सैन्य, आरमार, व्यापार, तह, दगाफटका, सगळं आलं त्यात. एक डाव सात-आठ महिने सहज चालायचा.

चौघं म्हणजे कोण? एक मी, मिलिंद. एक फैयाज, जयगडचा, बंदरात कामाला. त्याच्या घरातली सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर, म्हणून तो राज्य कुठलंही घेवो, आधी आरमार बांधायचा. एक लांज्याचे गुरांचे डॉक्टर, त्यांना आम्ही नुसतं डॉक्टरच म्हणायचो. आणि चौथा सुहास.

सुहास माझा कॉलेजपासूनचा मित्र. देवरूखला आम्ही एका खोलीत तीन वर्षं राहिलो. पुढे तो पुण्याला नोकरीला लागला. मग वेळणेश्वरला त्याच्या वडिलांची, नानांची, उजवी बाजू गेली. वाचाही गेली. आई आधीच गेलेली, बहीण पनवेलला संसारात. सुहासने नोकरी सोडली आणि गावी आला. एक वर्ष, दोन वर्षं करता करता सहा वर्षं झाली. लग्न राहूनच गेलं. नानांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, दिवसातून चार वेळा गोळ्या द्यायच्या. घराबाहेर पडणं म्हणजे दुकानापर्यंत. रविवारचे हे तीन तास, एवढंच काय ते त्याला बाहेरचं वारं लागायचं. हे मला माहीत होतं. विसरलो होतो असं मला म्हणता येणार नाही.

त्याला मोठं राज्य झेपत नसे. मध्येच नाना हाक मारायचे — हाक कसली, नुसता घशातला आवाज — आणि हा हेडफोन काढून उठायचा. म्हणून त्या डावात त्याने एक लहानसं किनाऱ्यावरचं राज्य घेतलं आणि पहिल्याच रविवारी मला म्हणाला, "मी तुझा मांडलिक होतो. मला कटकट नको. तू लढाईला बोलाव, मी येतो."

या खेळात मांडलिकाचं एक असतं. दोस्त राष्ट्राला विचारावं लागतं. ते नाही म्हणू शकतं, उशीर करू शकतं, जिंकल्यावर वाटा मागतं. मांडलिक मागत नाही. बोलावलंत की येतो. त्याचं सैन्य पुढे घाला, मरू दे, तो रुसत नाही. मी हुशारीने खेळणारा माणूस. माझ्या लवकरच ध्यानात आलं की दोस्तापेक्षा मांडलिक बरा. आणि सुहाससारखा मांडलिक — मी त्याची फौज तीनदा पुढे घातली, तिन्ही वेळा ती कापली गेली, तिन्ही वेळा तो हसला. "मेल्या, माझे सगळे मारलेस की रे." एवढंच.

त्याने मला त्याचा पासवर्डही देऊन ठेवला होता. आपण उठलो तर राज्य ओस पडू नये म्हणून. लॅबमधला जुना लॅपटॉप मी शेजारी उघडून ठेवायचो, आणि तो नानांकडे गेला की त्याचंही राज्य मीच चालवायचो.

आता येतोच त्या गोष्टीकडे.

डाव शेवटाकडे आला होता. मी आणि फैयाज एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला. बेत असा ठरला की फैयाजचं आरमार डॉक्टरांच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात गुपचूप फौज उतरवेल आणि मी उत्तरेकडून घुसेन. हे तिघांनाच ठाऊक — फैयाज, मी आणि माझा मांडलिक म्हणून सुहास. पण मला दिसत होतं की डॉक्टर पडले की फैयाज माझ्याहून मोठा होणार. मला तो मोठा व्हायला नको होता. आणि तह मोडल्याचा बट्टाही नको होता.

त्या रविवारी चारच्या सुमाराला सुहास म्हणाला, "दहा मिनिटं रे. नानांना बसतं करतो." त्याने हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मग मी शेजारचा लॅपटॉप ओढला. खेळात एकमेकांना गुप्त खलिते पाठवायची सोय असते. सुहासच्या नावाने मी डॉक्टरांना तीन ओळी लिहिल्या. फैयाजचं आरमार अमुक बंदरात उतरणार आहे. सैन्य तिथे ठेवा. आणि तिसरी ओळ — मिलिंदच्या हाताखाली राहण्याचा कंटाळा आला आहे, जिंकलात तर मला मोकळं करा.

पहिल्या दोन ओळींनी काम झालं असतं. तिसरी कशाला? खरं वाटावं म्हणून. सहा वर्षं चार भिंतींत अडकलेल्या माणसाच्या तोंडी मी ते वाक्य घातलं, आणि ते लिहिताना मला सुचल्याचा आनंद झाला होता. हो, आनंदच. तो अजून आठवतो.

फैयाजचं आरमार गेलं. आठ महिन्यांत एकेक करून बांधलेली जहाजं अर्ध्या तासात बुडाली. त्याला कळेना काय झालं. सहा वाजत आले तेव्हा डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "सुहासचे आभार मानायला हवेत, बाबा," आणि त्यांनी त्या खलित्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

"मी?" सुहास म्हणाला. "मी कुठे काय लिहिलंय?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, सोंग करतोय. फैयाज हसला नाही. तो सुहासला अहोजाहो करायचा. तो म्हणाला, "सुहासभाई, हरलो त्याचं काय नाय. पण मोकळं व्हायचं होतं तर तोंडावर सांगायचंत. मी स्वतः बोललो असतो मिलिंदशी."

आणि मी? मी हेडफोनमधून तिघांचे श्वास ऐकत बसलो. कुणीतरी मला काहीतरी विचारेल असं वाटत होतं. कुणी विचारलं नाही. माझंही नुकसान झालेलं दिसत होतं ना — माझ्यावर कोण संशय घेणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी सुहासचा लॅबमध्ये फोन आला. मी एका कवळीची कड घासत होतो. मशीन बंद केलं.

"एक विचारू? रागावू नकोस," तो म्हणाला. "ते तू नाहीस ना लिहिलंस?"

बघा, त्याने विचारलं. सरळ विचारलं. यापेक्षा सोपं दार कुणी कुणाला उघडून देईल?

"मी कशाला लिहीन रे?" मी म्हणालो.

"हां, तेच," तो लगेच म्हणाला. त्याचा आवाज असा सैल पडला की त्याला विचारल्याचीच लाज वाटली असावी. "तू तुझ्याच विरुद्ध कशाला लिहिशील. म्हणजे मग मीच." मग म्हणाला, "नानांना बसवून आलो तेव्हा डोकं नुसतं सुन्न होतं. पण तीन ओळी लिहिल्या आणि आठवू नये? आणि तुझ्याबद्दल असं? माझ्या मनात तसं कधी नव्हतं रे. असेल का आत कुठेतरी?"

मी कवळीवरची भुकटी फुंकून टाकली.

"माफ कर मला, मिलिंद."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे रे. केलं माफ."

हेच. मला जे सांगायचं होतं ते हे. चिठ्ठी लिहिली तो खेळ होता असं कदाचित कुणी म्हणेल. घाबरून खोटं बोललो, तेही माणसाकडून होतं. पण मी त्याला माफ केलं. मोठ्या मनाने. त्याने न केलेल्या गोष्टीची त्याच्याकडून क्षमा मागवून घेतली आणि वर उपकार केल्यासारखी ती दिली. फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं होतं. मशीन सुरू करून मी ती कवळी संध्याकाळपर्यंत पूर्ण केली.

पुढच्या रविवारी सुहास आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर त्याने लिहिलं की नानांमुळे जमत नाही, आणि फैयाजची पुन्हा एकदा माफी मागून तो बाहेर पडला. आम्ही तिघं खेळत राहिलो. तो डाव मी जिंकलो.

माझा आणि सुहासचा फोन चालू राहिला, उलट वाढला. पण तो बदलला होता. आधी तो गावातल्या गमती सांगायचा. आता विचारायचा. "काल मी तुला फोन केला होता का रे?" "मागे तुला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगतोय का मी?" मी म्हणायचो, नाही रे, काहीतरीच काय. हे तर मी खरंच सांगत होतो. पण ज्या एका गोष्टीवरून त्याने स्वतःवरचा विश्वास काढून घेतला होता, ती गोष्ट सोडून बाकी सगळं खरं सांगून काय उपयोग?

चार-पाच महिन्यांनी त्याच्या बहिणीचा, शोभाताईचा, फोन आला. "मिलिंद, तू वेळणेश्वरला येशील का? नानांना पनवेलला नेतेय. सुहासच म्हणतोय ने म्हणून. म्हणतो, माझं डोकं जाग्यावर नाही, एखाद्या दिवशी गोळ्या दोनदा देईन. उचलायला घरचं माणूस हवं."

घरचं माणूस. मी गेलो.

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवली. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मी गाडीतून उतरून कठड्याला टेकून उभा राहिलो आणि ठरवलं की गेल्या गेल्या सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले. तवसाळला उतरलो, हेदवीवरून वेळणेश्वरला पोचलो. सुहास घरापुढच्या खळ्यात उभा होता. दाढी वाढलेली. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि माझे जुळवलेले शब्द तिथेच विरून गेले.

आत नानांच्या खाटेजवळच्या भिंतीवर कागद चिकटवलेले होते. सकाळची दिली. दुपारची दिली. प्रत्येकापुढे वार आणि बरोबरची खूण. काही ठिकाणी दोन खुणा होत्या, आणि बाजूला लिहिलं होतं — पुन्हा बघितलं. उशाशी एक वही. मी चाळली. सहा वर्षं जो माणूस हे सगळं तोंडपाठ करत आला होता, तो आता नाना किती घोट पाणी प्यायले तेही लिहून ठेवत होता.

"कधी चुकलास का रे?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला. "पण त्या खेळात बघ ना. लिहिलं मी, आणि मलाच आठवत नाही. तिथे नुसती जहाजं बुडाली. इथे नाना आहेत."

शोभाताई आत पिशव्या भरत होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि नाना. आता सांगायचं, दुसरं काय? दोन वाक्यं होती. दोन वाक्यांत गाडी रिकामी परत गेली असती. निदान त्याने भिंतीवरचे ते कागद तरी काढले असते. मी वही होती तशी उशाशी ठेवली आणि म्हणालो, "चल, उन्हं चढायच्या आत निघूया."

नाना गावातले जुने सुतार. ते घर चिऱ्याचं, पण दारं, चौकटी, खाट सगळं त्यांच्या हातचं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून पडवीकडे आणलं. सुहासने मागून धरलं होतं, मी पुढून. दारातून बाहेर पडताना नानांनी चांगल्या, डाव्या हाताने चौकट धरली. बोलता येत नव्हतं. डोळे सुहासकडे. सुहास म्हणाला, "नाना, सोडा. ताईकडे बरं होईल तुमचं. माझा आता भरवसा नाही." नानांनी मान हलवली. नाही, नाही. त्यांना माहीत होतं ना — सहा वर्षं रोज तोच हात तोंडाशी येत होता, एकदाही चुकला नव्हता. साक्ष द्यायला तो एकच माणूस होता, आणि त्याला वाचा नव्हती. मला होती.

सुहासचे दोन्ही हात खुर्चीला गुंतलेले. तो मला म्हणाला, "मिलिंद, जरा बघ रे."

मी माझ्याकडची बाजू खाली टेकवली आणि नानांची बोटं सोडवली. एकेक करून. सुताराची बोटं, अजून बळ होतं त्यांत. करंगळी आधी सुटली. अंगठा शेवटी. माझे हात बारीक कामाला सरावलेले आहेत. कुठेही दुखू न देता मी ती सोडवली आणि त्यांचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय आहे ते त्यांना कळलं असेल असं मला वाटतं. नसेलही कळलं. पण मला असंच वाटत आलं आहे.

पनवेलला नाना एक पावसाळाही पुरा काढू शकले नाहीत. शोभाताईने काही कमी केलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरची खोली, दिवसभर एक बाई, सगळं होतं. जेवणच सोडलं त्यांनी. सुहास पोचला तेव्हा उशीर झाला होता. शोभाताई अजून म्हणते, न्यायलाच हवं होतं, सुहास पार थकला होता. असेल. मी तिच्या त्या वाक्याचा आधार घेऊन बघितला. नाही टिकत. थकलेल्या माणसाने विसावा मागितला असता. सुहासने विसावा मागितला नव्हता. त्याने स्वतःवर अविश्वासाचा ठराव केला होता, आणि त्या ठरावाखालची पहिली सही माझी होती.

त्यानंतर मी त्याला रत्नागिरीत मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मीच. तपासण्या झाल्या, फोटो निघाले. ते म्हणाले, काहीही नाही, उत्तम आहे. बाहेर आल्यावर रस्त्याकडेला उभं राहून चहा पिताना सुहास म्हणाला, "फोटोत दिसत नसेल." मी म्हणालो, "असेल तसं." का म्हणालो? निदान गप्प राहता आलं नसतं? त्या दिवसापुरतं तरी खोट्यात भर न घालता घरी गेलो असतो. तेवढंही केलं नाही.

फैयाज मध्ये एकदा भेटला, जयगडलाच. म्हणाला, "सुहासभाईंना बोलवा परत. मी तेव्हाच विसरलो ते. वाईट माणूस नाय तो." मी म्हणालो, बोलवतो. बोलावलं नाही. सुहास परत आला असता आणि कधीतरी तो खलिता पुन्हा कुणीतरी वर काढला असता, ही भीती.

आता मी खेळत नाही. सोडलं म्हणून काही सुटलं असं नाही, नुसतं सांगतोय.

सुहास वेळणेश्वरलाच आहे, एकटा. देवळाच्या बाजूला दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. त्या द्यायच्या की नाही हेही त्याने मला विचारून ठरवलं. बुजलेल्या माणसाला एकच माणूस खात्रीचा वाटतो, आणि तो मी. आठवड्यातून तीन-चार फोन. मी प्रत्येक उचलतो.

मागच्या मंगळवारी तो गुहागरला चालला होता. एसटीतून त्याने फोन केला. मागे कंडक्टरचा आवाज, पोरींचा गलका. मी इथे लॅबमध्ये, खाडीच्या या बाजूला, त्याच्या घरापासून कितीतरी लांब.

"मिलिंद, मी निघताना दाराला कुलूप लावलं असेन ना रे?"

मी म्हणालो, "लावलं असशील."

"तू म्हणतोस ना, मग झालं," तो म्हणाला, आणि त्याने निर्धास्तपणे फोन ठेवला.